देवघरातला डार्विन

वडनेर
१६ फेब्रुवारी २०२५

नलूताई,

पाया पडतो. पाकिटावरचा पत्ता आमच्या काजलच्या हातचा आहे. माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील अशी भीती वाटली. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, एवढंच मागतो.

काम असं आहे. आपल्या देवघरातलं दाढीबाबाचं चित्र मुंबईच्या एका लिलाव कंपनीनं मागितलं आहे. दादा आणि माय गेल्यावर त्यावर तुझा आणि माझा सारखाच हक्क, म्हणून तुझी सही लागते. कागद सोबत ठेवला आहे. सही करून माझ्या नावानं टाक. गावचं टपाल अजून मीच वाटतो.

हे घडलं काजलमुळे. नागपूरच्या वसतिगृहात तिनं मैत्रिणींना फोनवर चित्राचा फोटो दाखवला, आमच्या घरचा बाबा म्हणून. पोरी हसल्या. एकीनं तो फोटो तिच्या सरांना पाठवला, सरांनी आणखी कोणाला, आणि थोड्याच दिवसांत मुंबईच्या एक बाई गाडी करून दारात. न सांगता चपला बाहेर काढल्या, ते मला बरं वाटलं. देवघरात वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे चार्ल्स डार्विन आहेत. तुम्हाला कल्पना आहे का?"

मी म्हटलं, "हो. माझ्या बहिणीनं सांगितलं होतं."

ताई, हे वाक्य तुला कळवायचं होतं. बाकीचं पत्र त्याच्यासाठीच लिहिलं असं समज.

बाई म्हणाल्या की चित्र जलरंगातलं आहे, जुनं आहे, कोण्या इंग्रज बाईनं फोटोवरून काढलेलं असावं. मी त्यांना आपल्या आजोबांची, आबाजींची हकीकत सांगितली. सिंदीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते रखवालदार होते, साहेब विलायतेला परत जाताना सामानातलं हे चित्र त्यांना देऊन गेला. पांढरी लांब दाढी, खोल डोळे, अंगावर काळी शाल. आबाजींनी दुसरं काय समजावं? त्यांनी आणून देवघरात बसवलं.

मग बाईंनी विचारलं, "याला पाणी लावता का?"

मी सांगितलं. वरची काच फुटली तेव्हा दादा म्हणाले होते की देवाच्या आणि आपल्या मधे काच कशाला. तेव्हापासून माय दर गुरुवारी कपाळाला ओलं गंध लावायची आणि गुरुपौर्णिमेला ओल्या फडक्यानं तोंड पुसायची. बाईंनी डोळे मिटले. जलरंगाला पाणी चालत नाही, हे आपल्याला कोण सांगणार होतं? बाबाची दाढी पसरून शालीवर उतरली आहे, गालाचा रंग कानाकडे गेला आहे, ते आम्ही म्हातारपण समजत होतो.

"कपाळावरचं समजलं," बाई म्हणाल्या. "पण खाली कडेला हे कुंकवाचे ठिपके कसले?"

मी म्हटलं, घरचं आहे. जास्त सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही.

चित्र द्यायचं कारण एवढंच की भिंतीला ओल येते, वाळवी चौकटीपर्यंत आली आहे. आपल्याकडे ठेवलं तर लवकरच त्याचं काही उरणार नाही. दुसरं कारण नाही.

तुझ्या सहीची वाट बघतो.

गुलाब

•

वडनेर
९ मार्च २०२५

नलूताई,

सही मिळाली. कागदासोबत दोन ओळी असतील म्हणून पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. कांता हसली, म्हणाली, "झटकून पाहा, अजून काही पडते का."

संध्याकाळी तुझ्या जागृतीचा फोन आला. पोरगी गोड बोलते. आधी मामा कसे आहात, मामी कशी आहे, सगळं झालं आणि मग म्हणाली, "मामा, मम्मीनं सांगितलंय, त्याच्या तोंडावरचं सारं पुसून काढा आन् मंगच विका. गंध नाई, कुंकू नाई. जसा होता तसा करा त्याले."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. हरिपाठ म्हणताना ओळी गाळतो. काल बापूरावांची पेन्शनची पावती त्यांच्या चुलतभावाच्या हातात देऊन आलो. त्या पुसण्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे आणि तू समोर नाहीस.

आधी खरं ते लिहितो. मागच्या पत्रात वाळवीचं लिहिलं, ते खोटं नाही, पण तेवढ्यानं मी चित्र देवघरातून हलवलं नसतं.

काजलनं मला विचारलं, आत्या आपल्याकडे का येत नाही? आजवर तिला टोलवत आलो होतो. या वेळी सगळं सांगितलं. जे सांगितलं तेच तुला लिहितो, चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू दहावी झालीस. विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र घेऊन देवघरात आलीस आणि दोन्ही चित्रं शेजारी धरून म्हणालीस, "दादा, हा बाबा नाई, डार्विन हाय." दादा चिडले नाहीत, उलट हसले. म्हणाले, "असन. पण साधूच दिसते ना?" मग तुला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं, हिंगणघाटला रोज बसनं जायचं होतं. दादांचं मन हो-नाही करत होतं. म्हणून त्यांनी आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे दाढीबाबापुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या, एक 'पाठवा', एक 'नको'. उचलायला लहान लेकराचा हात लागतो, म्हणून मला बसवलं. मी उचलली. नको निघाली.

तू म्हणालीस, "ज्यानं जनमभर सायन्स केलं, त्याले इचारता मी सायन्स शिकू का नाई? आन् तो नाई म्हणते?"

दादा म्हणाले, "बाबाचा शब्द हाय, नलू."

पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी तू मागे वळून म्हणालीस, "हा भितीवर हाय तोवर मी या घरचं पाणी पेणार नाई." सगळ्यांना वाटलं, पोरगी रागात आहे, दिवाळीला येईल. तू आली नाहीस. दादा गेले तेव्हा नाही. माय गेली तेव्हा अंगणापर्यंत आलीस, तिचे पाय धरलेस आणि तिथूनच परत गेलीस. कांता पाण्याचा गडवा घेऊन मागे धावली होती, ते तू पाहिलंस की नाही मला ठाऊक नाही.

तर चित्र द्यायचं खरं कारण हे आहे. भिंत रिकामी झाली तर तू येशील.

काजलनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग आजीनं का नाही काढलं?"

मी मायला विचारलं होतं, ताई. एकदा नाही, कितीदा. म्हटलं, मी उतरवतो, तुझ्या हाताला पाप नको. माय म्हणायची, "कोणीबी असो बापा. एवढा म्हातारा माणूस दारी आला, घरात बसला. त्याले हाकलू कसं?" पण त्या चिठ्ठीनंतर तिनं त्याला कधी काही विचारलं नाही. नवस नाही, कौल नाही. आंघोळ घालायची, गंध लावायचं, उठायचं. दादांनी पुन्हा चिठ्ठ्या काढल्या तेव्हा तिनं त्या उचलून चुलीत टाकल्या. दादांसमोर ती एवढी बोललेली दुसरी वेळ मला आठवत नाही: "एकदा इचारलं, पुरं झालं."

आणि ते कडेचे ठिपके. अखाजी, राखी, दिवाळी, संक्रांत, ज्या ज्या सणाला लेक माहेरी येते, त्या दिवशी घरच्या बायांना कुंकू लावून झालं की माय करंडा घेऊन देवघरात जायची. तुझं कुंकू तिथं लावायची. तू त्याच्यामुळे येत नव्हतीस, म्हणून तुझं त्याच्याजवळच ठेवायची. बहुतेक असंच असावं, ती काही बोलायची नाही.

जागृतीचा निरोप मला मान्य आहे. तुझा हक्क आहे. फक्त काय पुसलं जाईल ते तुला ठाऊक असावं.

गुलाब

•

वडनेर
३ एप्रिल २०२५

नलूताई,

उत्तर नाही. रागावत नाही, कळवतो.

मुंबईच्या बाईंचा फोन येऊन गेला. त्या म्हणतात, कुंकू आणि गंध काळजीनं काढता येईल. दाढी मात्र परत येणार नाही. स्वच्छ केलेलं चित्र लोक बघतील, डागांचं बघणार नाहीत. काय ते या महिन्यात सांगा.

इकडे गावाला वेगळीच काळजी. डोमाजी काका येऊन बसले. त्यांना आता दिसत कमी आणि बोलायचं जास्त असतं.

"गुलाब, खंडित झालेला देव पूजेत ठेवत नाई. हिंगणघाटले जा, वणा नदीत सोडून ये. इकाचा कायले?"

मी म्हटलं, "काका, तो देव नव्हता. शास्त्रज्ञ होता."

"मंग त सोडाच. देव नसून इतके दिस बसला."

कांता आतून म्हणाली, "मंग मी इतके वर्ष उदबत्ती कोणापुढं लावली? सायन्सच्या मास्तरापुढं?"

"मास्तराले त गुरुपौर्णिमेले लावतेतच," काका म्हणाले. सगळे हसले. मी पण हसलो, आणि उठून उगाच पोस्टात जाऊन बसलो.

ताई, मी फार शिकलेला नाही. बारावीनंतर हे डाकेचं काम मिळालं. माकडापासून माणूस झाला म्हणतात ते मी शाळेत पाठ केलं आणि देवाचं नाव घेणं सोडलं नाही. मला दोन्हींत भांडण कधी दिसलं नाही. पण आता देवघरात बसलो की तो माणूस बघतो आणि मला वाटतं, याला आपण किती त्रास दिला. न विचारता देव केलं. ज्या गोष्टीबद्दल त्याला काहीच ठाऊक नाही, तिच्यावर त्याच्या नावानं निकाल दिला. मग प्रेमानं धुऊन धुऊन त्याचं तोंड घालवलं. आणि त्यानं ते सगळं गपगुमान सहन केलं. देव असता तर कोपला असता.

काल मी एक गोष्ट केली. कागदाचे दोन तुकडे फाडले. एकावर 'पुसा', दुसऱ्यावर 'राहू द्या'. घडी घालून त्याच्यापुढं ठेवले. उचलायला कोणाला बोलवावं म्हणून अंगणात आलो, शेजारचं पोर खेळत होतं, त्याला हाकही मारली. ते आलं. म्हणालं, "काय काका?"

त्याला गुळाचा खडा दिला आणि पाठवून दिलं.

त्या वर्षी कोणी एकानं तुला विचारायला पाहिजे होतं, नलू तुला काय पाहिजे. कोणी विचारलं नाही. सगळे त्याला विचारत होते. म्हणून आता मी त्याला विचारत नाही, तुला विचारतो. पुसायचं का? मायचं गंध, तुझं कुंकू. तू पुन्हा हो म्हणालीस तर पुसून जाईल, मी मधे येणार नाही. फोन नको असेल तर जागृतीकडून सांग. एक शब्द पुरे.

गुलाब

•

वडनेर
२२ एप्रिल २०२५

नलूताई,

शब्द मिळाला. जागृती म्हणाली, "मामा, मम्मी म्हणते राहू द्या." मी विचारलं, अजून काही म्हणाली का? तर म्हणाली, "नाई. मंग ती स्वयंपाकाले गेली."

मी बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, तुमची मर्जी, पण गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही. मी म्हटलं, चालेल.

काल चित्र भिंतीवरून उतरवलं. उतरवायच्या आधी रीतीप्रमाणे उत्तरपूजा केली. फुलं वाहिली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकून जागेवरून थोडं हलवलं. गंध मात्र कोरडं, लांबूनच दाखवलं. एरवी आपण पुन्हा या म्हणतो. तिथं मी अडलो. मग म्हटलं, बाबा, आजपासून तुम्ही मोकळे. आमच्या घरी देवपण केलंत, आता तुमचे तुम्ही व्हा.

कांता रडली. म्हणाली, "सासूबाईचं आहे म्हणून, दुसरं काई नाई."

लिलाव सत्तावीस जूनला आहे.

गुलाब

•

वडनेर
८ जुलै २०२५

नलूताई,

चित्र विकलं गेलं नाही.

काजल सुट्टीत घरी होती. तिनं फोन पाटाला टेकवून उभा केला आणि आम्ही सगळे समोर बसलो, डोमाजी काका सगळ्यांच्या पुढं, जणू त्यांना दिसणार होतं. आधी कोणाच्या तलवारी, नकाशे, एक चांदीचं तबक. भराभर जात होतं. मग आपला बाबा आला. तिथल्या मोठ्या पडद्यावर कपाळाचं गंध लाल-पिवळं चमकलं. बोलणारा माणूस इंग्रजीत काही म्हणाला. थांबला. पुन्हा म्हणाला. कोणीच हात वर केला नाही. मग चिनी मातीची एक बरणी आली.

"झालं?" काकांनी विचारलं. "आपल्या बाबाले कोणी पुसलंच नाई?"

"पुसलं नाई म्हणून त झालं हे," कांता म्हणाली.

मला दुःख व्हायला पाहिजे होतं. पण बरं वाटत होतं. का ते सांगता येत नाही.

चित्र टपालानंच परत आलं. हिंगणघाटहून आलेल्या पिशवीत माझ्याच नावाचं पुडकं. मीच माझ्या घरी नेऊन दिलं, कांतानं सही केली आणि म्हणाली, "पोस्टमन, चहा घेऊन जाजा."

आता प्रश्न असा. ते भिंतीवर पुन्हा लावता येत नाही. उठवलेला देव पुन्हा तसाच बसवत नाहीत, आणि बसवायचं माझ्या मनातही नाही. कपाटात ठेवलं तर वाळवी आहे. काका नदीचं म्हणतात, ते माझ्यानं होणार नाही. पाण्यानं त्याचं पुरेसं झालं आहे.

मी दोन दिवस पुडकं फोडलं नाही. खाटेखाली ठेवलं, मग वर ठेवलं, मग कांता म्हणाली की बाळंतिणीसारखं काय जपून राह्यले. काल रात्री जेवताना ठरवलं. काय ठरवलं ते लिहीत नाही. लिहिलं तर तू नको म्हणशील.

गुलाब

•

आर्वी, बसस्थानक
१२ जुलै २०२५

नलूताई,

हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणून पाठकोऱ्या कागदावर लिहितो.

सकाळी निघालो. हिंगणघाट, वर्धा, आर्वी. गाडीत चित्र मांडीवर उभं धरून होतो. वर्ध्याला एक आजीबाई शेजारी बसल्या, कागद थोडा फाटला होता तिथून त्यांनी दाढी पाहिली आणि हात जोडले. म्हणाल्या, "कोणते महाराज हायेत?" मी म्हटलं, "महाराज नाई आजी, मास्तर हायेत." त्यांनी तरी जोडलेले हात खाली घेतले नाहीत.

तुझं घर डेपोपासून जवळ आहे, जागृतीनं खूण सांगितली आहे. तिला मी फोन केला की आलो आहे, पण मम्मीला सांगू नको, मी स्वतः येतो. त्याला आता बराच वेळ झाला. पानठेल्यावरचा माणूस दोनदा विचारून गेला की कोणत्या गाडीनं जायचं आहे. माझा पाय उचलत नाही. इतरांच्या दारात रोज न विचारता जातो, सायकलची घंटी वाजवतो आणि नावानं हाक मारतो. तुझ्या दारात काय म्हणून हाक मारू, तेच सुचत नाही.

पाठ केलं होतं ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे समोर जीभ अडली तर कागद देता येईल. ताई, हा आता देव नाही. आमच्या भिंतीवर नाही. तुझा शब्द पुरा झाला, तू पाणी प्यायला मोकळी आहेस, ये किंवा येऊ नकोस. मी याला घेऊन आलो कारण याला ओळखणारी आपल्या घरात तू एकटी होतीस. म्हातारा माणूस दारी आला आहे. त्याला आत घेशील का

•

वडनेर
२० जुलै २०२५

नलूताई,

तो कागद तुझ्याकडे राहिला, शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं, ते लावून घे. जागृती लहान आहे, तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, तिला बोल लावू नकोस. तू पदर खोचून डेपोत आलीस तेव्हा मी खरंच उठायच्या बेतात होतो. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. पुडक्याकडे बघून म्हणालीस, "उन्हात काऊन बसवलं त्याले?" आणि उचलून चालायला लागलीस. मी तुझ्या मागे. मायची चाल आहे तुझी.

जेवण पोटात आहे. तू दिलेला डबा कांतानं घासून ठेवला आहे. रिकामा परत करायचा नसतो, म्हणून ती काय भरायचं याचा विचार करते आहे, आणि तो न्यायला कोण येणार असं मला रोज विचारते. मी काही सांगत नाही. राखी जवळ आली आहे, एवढंच म्हणतो.

काल जागृतीचा फोन होता. हसत होती. म्हणाली, "मामा, मम्मीनं त्याले माझ्या टेबलावर लावलं. आन् रोज सकाळी झाडता झाडता त्याच्याशी भांडते. म्हणते, तुले ठाऊक होतं ना? मंग एक शब्द काऊन नाई बोलला तवा?"

भांड, ताई. पोटभर भांड. त्याला ऐकायची सवय आहे.

फक्त पाणी लावू नकोस. कोरड्या फडक्यानं पूस.

गुलाब